ठमाबाई आणि बोटीचा कठडा

ठमाबाईचं माहेर सणसर. पणदऱ्याला नांदायला आली आणि थोड्याच वर्षांत नवरा तापानं गेला. पदरात एक मुलगी, कुशाबाई, आणि पाटाच्या कडेला जमिनीचा एक तुकडा. माहेरच्यांनी तिला न्यायला बैलगाडी पाठवली होती. तिनं गाडीवानाला जेवू घातलं, बैलांपुढे कडबा टाकला आणि गाडी रिकामीच परत पाठवली.

आमचं शेत तिच्या शेताला लागून होतं, म्हणून पुढचं सगळं मला जवळून पाहायला आणि ऐकायला मिळालं. तिच्या दुसऱ्या अंगाला तिच्या दिराची जमीन होती. दीर तसा वाईट माणूस नव्हता, पण दर नांगरटीला त्याचा नांगर एखादं तास, म्हणजे एका रेघेएवढा, तिच्या बाजूला चढायचा. बांध असा हळूहळू सरकत राहिला. ठमाबाईनं चावडीवर तक्रार नेली नाही. एके दिवशी सकाळी शेराची रोपं घेऊन ती बांधावर गेली, भावकीतल्या चार जणांना बोलावलं आणि दोरीचं एक टोक दिराच्या हातात दिलं.

"दादा, दोरी तुमीच धरा. तुमचं मन म्हणंल तितं कुपान लावते."

दिरानं दोरी धरली. सगळे बघत होते. त्यानं ती हद्दीच्या जुन्या दगडापाशी, बरोबर मूळच्या जागी टेकवली आणि मान खाली घातली. शेराचं कुंपण तिथं लागलं ते कायमचं. त्यानंतर गावात कुणाचा बांध ठरवायचा असला की ठमाबाईला बोलावणं यायचं. ती काही न बोलता कडेला उभी राहायची, आणि ती उभी असली की कुणी दोरी आपल्याकडं ओढत नसे.

छप्पन्न सालच्या आसपास आमच्या भागातल्या बागायतदारांनी भाजीपाल्याची सहकारी संस्था काढली. सेक्रेटरी होते आबासाहेब. बारामतीला मॅट्रिकपर्यंत शिकलेले, शांत स्वभावाचे, आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तडीला नेणारे. तोवर आमचा उन्हाळी कांदा बारामतीच्या अडतीत जायचा. तिथून तो मुंबईला जातो एवढं ठाऊक होतं, पुढं काय होतं कुणी विचारलं नव्हतं. आबासाहेबांनी विचारलं. तेव्हा कळलं की आपला कांदा बोटीत बसून सिलोनला, कोलंबो नावाच्या शहराला जातो, आणि तिथले लोक तो रोजच्या कालवणात खातात. आबासाहेबांनी ठरवलं, या वर्षी मधले हात टाळून संस्थेनं स्वतः माल पाठवायचा.

त्यासाठी तो सगळा हिवाळा ते मुंबईच्या खेपा करत होते. माघातल्या एका संध्याकाळी मारुतीच्या देवळात त्यांनी सभासदांना बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. कांदा देशाबाहेर न्यायला आपल्या सरकारचा परवाना लागतो. तो देशात घ्यायला तिकडच्या सरकारचा वेगळा लागतो. एक सरकार जाऊ देतं, दुसरं येऊ देतं, आणि दोघांनी हो म्हटल्याशिवाय एक पोतंसुद्धा हलत नाही.

"कांद्याला येवढं?" मागून हिंदुराव म्हणाले. हिंदुराव गावातले मोठे बागायतदार, आणि कुणावर सहजी विश्वास न ठेवणारे.

"कांद्याला येवढं," आबासाहेब म्हणाले. "आणि आता हा करार ऐका."

घेणाऱ्याचं नाव होतं कासीम मरैक्कार, कोलंबोचा व्यापारी. त्याला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं आणि त्यानं आम्हांला. मुंबईत त्याचा माणूस होता, पिल्ले नावाचा, तो सह्या करून गेला होता. आबासाहेब इंग्रजी कलम वाचत आणि मग आपल्या बोलीत सांगत. एका कलमापाशी ते जरा थांबले. बोटीच्या कडेनं लोखंडी कठडा असतो, आडाला असतो तसा. माल यारीनं, म्हणजे ओझं उचलायच्या उंच यंत्रानं, उचलून त्या कठड्यावरून बोटीत उतरवतात. त्या कठड्याच्या अलीकडं काही झालं, कांदा भिजला, सडला, चोरीला गेला, तर नुकसान आपलं. कठडा ओलांडला की माल त्यांचा. मग बोट समुद्रात बुडाली तरी कोलंबोवाल्यानं आपली किंमत द्यायची.

बायका देवळाच्या ओट्याला टेकून बसल्या होत्या. ठमाबाई त्यांच्यातून पुढं सरकली.

"म्हंजी तो बांधच की," ती म्हणाली.

"व्हय आक्का. बांधच म्हणा."

"पर हवंतला."

आबासाहेब हसले. "व्हय. हवेतला."

"आणि त्या बांधावर भांडान झालं तर?"

"ते बी लिवलंय. भांडण झालं तर कोर्टात जायचं न्हाय. मुंबईला व्यापाऱ्यांचं मंडळ हाय, त्यातला एक पंच दोन्हीकडचं ऐकून घेणार. तो सांगंल ते आपणबी मानायचं आणि त्यांनीबी."

"अजून भांडान तर झालं न्हाय."

"न्हाय."

"तरी आदीच लिवलं?"

"आधीच लिवायचं असतं, आक्का. भांडण पेटल्यावर दोघांना चालंल असा पंच कुठनं आणायचा?"

 ती गोष्ट ठमाबाईच्या मनात रुतून बसली. पुढं खळ्यावर कांदा निवडताना ती बायांना सारखी सांगायची. ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, ज्यांची बोली एक नाही, देव एक नाही, त्यांनी चांगले दिवस असतानाच बसून ठरवलंय की वाईट दिवस आला तर कुणाच्या दारात जायचं. आपल्याकडं सख्ख्या भावांना जमत नाही हे. सांगताना ती हातातला कांदा तसाच धरून ठेवायची.

चैत्र संपता संपता माल तयार झाला. मान वाळलेला, कोंब नसलेला, एकसारखा गोल कांदा पोत्यांत भरला, दाभणानं तोंडं शिवली, पोत्यांवर काळ्या शाईचे ठसे उमटले. आता हिंदुरावांनी शंका काढली. माल बोटीवर चढला की नाही हे आपल्याला कसं कळणार? आबासाहेबांवर अविश्वास नव्हता, पण एका माणसाच्या दोनच डोळ्यांवर सगळ्या गावाचा कांदा कसा सोडायचा? आणखी कुणीतरी बरोबर जावं. कोण जावं, यावर बराच वाद झाला आणि शेवटी हिंदुरावच म्हणाले, "ठमाबाईला धाडा. ती उभी राहिली म्हंजी बास."

बारामतीहून छोट्या गाडीनं माल दौंडला गेला, तिथं मोठ्या गाडीच्या वाघिणींत चढवला गेला आणि मुंबईला पोचला. ठमाबाई आणि आबासाहेब त्याच्या मागोमाग गेले. गोदीच्या फाटकावरचा शिपाई बाईमाणसाला आत सोडेना. आबासाहेबांनी पास दाखवला. त्यावर तिचं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, मालाची मालक. शिपायानं ते दोनदा वाचलं आणि बाजूला झाला.

तिथून पुढचं ठमाबाई सांगायची तेव्हा तिचा आवाज आपोआप खाली यायचा. आत गेल्यावर समोर एक काळी भिंत लागली. वर बघत गेलं तरी संपेना, डावीकडं संपेना, उजवीकडं संपेना. तिला वाटलं, एखाद्या कारखान्याची इमारत असावी.

"बोट कुठं हाय?" तिनं विचारलं.

"तुमच्या म्होरं," आबासाहेब म्हणाले.

तेवढ्यात ती भिंत हलली. अगदी थोडीशी. धक्का आणि भिंत यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी होती, ती रुंद झाली आणि पुन्हा अरुंद झाली. एवढं मोठं लोखंड पाण्यावर श्वास घेतल्यासारखं खालीवर होत होतं. ठमाबाईनं नकळत हात जोडले. कुणाला जोडले ते तिला पुढंही सांगता आलं नाही.

माल चढवणाऱ्या कंत्राटदाराचा मुकादम तिथं आला. बाईला मधे उभं राहू देणं त्याला धोक्याचं वाटलं, म्हणून त्यानं तिला दूर, बोटीच्या शेपटाकडं, दोरखंड गुंडाळायच्या एका लोखंडी खुंटापाशी नेऊन उभं केलं. आबासाहेब खाली धक्क्यावर, बोटीच्या समोर राहिले. कोलंबोवाल्यांचा पिल्ले बोटीवर चढला. बारीक अंगाचा, काखेत छत्री असलेला माणूस. तो वरून माल मोजून घेणार होता.

पोती दोरखंडाच्या जाळ्यात रचायची, यारीनं जाळं उचलायचं, कठड्यावरून पलीकडं न्यायचं आणि बोटीच्या पोटात सोडायचं, असं काम सुरू झालं. ठमाबाई शेपटाशी उभी असल्यामुळं कठडा तिला एखाद्या सरळ रेषेसारखा दिसत होता, त्याच्या लांबीनं. जाळं रेषेच्या या बाजूला आहे की त्या बाजूला, हे तिला तिथून स्पष्ट कळत होतं. एकेक जाळं पलीकडं गेलं की ती पुटपुटायची, "गेला. आता त्यांचा झाला." त्या कांद्यात तिच्या रानातला होता, दिराच्या रानातला होता, आमच्याही रानातला होता. एका क्षणी तो आमचा असायचा आणि पुढच्या क्षणी ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही अशा माणसाचा. कांद्यात काही बदल व्हायचा नाही. पोतं तेच, ठसा तोच. बदलायचं ते कुठं बदलायचं, हे ती डोळे ताणून बघत होती.

ऊन चढल्यावर वारा सुटला. एक जाळं वर गेलं आणि झोके घेऊ लागलं. झोक्यानं ते कठडा ओलांडून आत गेलं, तिथून परत बाहेर आलं, आणि बाहेर असतानाच वरचा दोर तुटला. जाळं कठड्यावर आदळून फाटलं. दोन-तीन पोती आत बोटीवर पडली, बाकीची धक्का आणि बोट यांच्यामधल्या पाण्यात.

सगळीकडं आरडाओरडा झाला. ठमाबाई मात्र पाण्याकडं बघत राहिली. पोती फुटली होती आणि त्यांतून कांदे एकेक करून वर येत होते. बघता बघता ती काळ्या पाण्याची पट्टी लाल झाली. पाटाच्या पाण्यावर वाढलेला कांदा समुद्राच्या पाण्यावर नाचत होता, आणि त्याचा मालक कोण हे त्या घडीला जगात कुणालाच सांगता येत नव्हतं.

भांडण तिथंच लागलं. आबासाहेब म्हणाले, जाळं आत गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, माल तुमचा. पिल्ले म्हणाला, जाळं बाहेर तुटलं, मी वरून पाहिलं, माल तुमचा. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. एकानं खालून समोरून पाहिलं होतं, एकानं वरून, आणि गडबडीत ज्याला जे ठसलं ते खरं वाटत होतं. दोर कंत्राटदाराचा होता. त्याच्या मुकादमाला विचारलं तर तो आबासाहेबांना म्हणे, माल तुमचा नाही, कोलंबोवाल्याचा, तुम्हांला विचारायचा हक्क काय? आणि पिल्लेला म्हणे, माल अजून तुमचा झालाच नव्हता, तुम्ही कोण विचारणार? बोट कुणासाठी थांबणार नव्हती. उरलेला माल भरून ती दुपारीच निघाली.

परतीच्या गाडीत ठमाबाई खिडकीशी बसली होती. कल्याण मागं पडल्यावर आबासाहेबांनी विचारलं, "आक्का, तुमी कडंला हुता. तुमाला काय दिसलं?"

"आत गेलं हुतं," ती म्हणाली. "मग भाईर आलं. भाईर आल्यावर तुटलं."

 आपण नुसतं आत गेलेलंच पाहिलं होतं, हे आबासाहेबांच्या तेव्हा लक्षात आलं.

पाण्यात गेला तो माल सगळ्या भरतीच्या मानानं थोडाच होता. पण तेवढ्यावर सोडून देणं दोन्ही बाजूंना जमत नव्हतं. आबासाहेबांचं म्हणणं, पहिल्याच खेपेला नमतं घेतलं तर दर वेळी नुकसान आपल्याच माथी येईल. पिल्लेचं म्हणणं, पहिल्याच खेपेला हे मान्य केलं तर पुढं माझा शेट मला कामावर ठेवणार नाही. शेवटी करारात लिहिल्याप्रमाणं प्रकरण पंचाकडं गेलं.

ठमाबाईला गावात ठेवून आबासाहेबांना एकट्यानं जाता आलं असतं. पंचाला तिचं नावही माहीत नव्हतं. हिंदुरावांनी तसं सुचवलंही. तेव्हा आबासाहेब म्हणाले, "पंचानं इचारलं, कठड्याच्या कडंला कोण उभं हुतं, तर मी काय सांगू? कोण न्हवतं म्हणून?" आणि तिला घेऊन गेले.

पंच होते पेस्तनजीशेट नावाचे एक वयस्कर पारशी व्यापारी. मुंबईच्या कोट भागातल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. मधोमध लांब मेज, वर पंखा. एका बाजूला आबासाहेब आणि संस्थेचे वकील, दुसऱ्या बाजूला पिल्ले आणि त्याचे वकील. ठमाबाई खुर्चीत बसायला तयार होईना. पेस्तनजीशेट म्हणाले, "बाई, इथं उभं राहून बोललेलं मला ऐकायला येत नाही. बसा." तेव्हा ती बसली.

आधी दोन्ही वकील बोलले. मग पेस्तनजीशेटनी तिच्याकडं वळून मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, तू कुठं उभी होतीस, काय दिसलं. ठमाबाईनं सांगायला सुरुवात केली, पण हवेतली गोष्ट शब्दांत बसेना. पेस्तनजीशेटनी खिशातला रुमाल काढला, त्यात पेपरवेट बांधला, एका फायलीची फीत सोडून त्याला लावली आणि तिच्या हातात दिली. "ही मेजाची कड म्हणजे कठडा," ते म्हणाले. "दाखव."

ठमाबाई उठली. तिनं फीत उंच धरली. खोलीतले सगळे पुढं झुकले. रुमालाचं गाठोडं झोका घेत मेजाच्या कडेवरून आत गेलं. "हितं आत गेलं," ती म्हणाली. गाठोडं परत बाहेर आलं. "हितं भाईर आलं." आणि तिनं फीत सोडून दिली. पेपरवेट फरशीवर आपटला.

"आत गेलं होतं, हे नक्की?" संस्थेच्या वकिलानं विचारलं.

"नक्की."

"तुटलं तेव्हा बाहेर होतं, हेही नक्की?" दुसऱ्या वकिलानं विचारलं.

"त्ये बी नक्की."

दोन्ही वकील एकदमच बोलायला लागले. एक म्हणे, एकदा ओलांडलं ते ओलांडलं, परत आलं तरी माल खरेदीदाराचाच. दुसरा म्हणे, परत आलं म्हणजे ओलांडलंच नाही. विलायतेच्या कोर्टांतले दाखले निघाले. कुठल्या तरी लांबच्या बंदरात, कुठल्या तरी काळात, असंच काही झालं होतं आणि कुणा न्यायाधीशानं त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. ठमाबाईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं की हे सगळे शिकलेले लोक त्या झोक्याच्या एका पळावर भांडताहेत. तिनं आयुष्यभर बांधासाठी लोकांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलं होतं. इथं कुणाचा हात उठत नव्हता. आवाज चढत होते, पण पेस्तनजीशेटनी बोट वर केलं की सगळे थांबत होते. हे तिला बोटीपेक्षाही मोठं वाटलं, असं ती म्हणायची.

जेवणानंतर निकाल झाला. पेस्तनजीशेटनी तो इंग्रजीत सांगितला आणि मग ठमाबाईसाठी पुन्हा मराठीत.

"एक माणूस दुसऱ्याला पोर देतो," ते म्हणाले. "समोरच्याच्या हातापर्यंत नेलं आणि परत छातीशी घेतलं, तर दिलं म्हणता येईल? नाही. हात सोडला तरच दिलं. जाळं आत गेलं तेव्हा दोरानं ते सोडलं नव्हतं. परत आलं म्हणजे ते अजून तुमच्या हातात होतं. जी पोती बोटीवर पडली ती कोलंबोची. जी पाण्यात पडली ती तुमची."

आबासाहेबांनी मान हलवली. ठमाबाईनं विचारलं, "म्हंजी नुसकानी आमची?"

"तुमची. पण ऐक." पेस्तनजीशेट पुढं झुकले. "माल तुमचा होता, म्हणून दोर कुणाचा होता हे विचारायचा हक्कसुद्धा तुमचा. आजपर्यंत हे ठरलं नव्हतं. आता ठरलं. मी तसं लिहून देतो."

हे उमजायला ठमाबाईला थोडा वेळ लागला.  इतके दिवस तो कांदा कुणाचाच नव्हता, म्हणून त्याच्यासाठी कुणाला बोलता येत नव्हतं. दोघंही त्याला दुसऱ्याकडं ढकलत होते आणि दोर तुटू देणारा मधल्यामधे मोकळा होता. माल आपला आहे असं कबूल केल्यावर आता त्याच्यासाठी भांडता येणार होतं.

गावात मात्र पहिली बातमी पोचली ती एवढीच, की निकाल उलटा लागला आणि ठमाबाईच्या बोलण्यानं लागला. हिंदुराव काही दिवस तिच्या ओट्यासमोरून जाताना तोंड फिरवत. एक-दोघांनी तिला ऐकू जाईल असं म्हटलं, की बाईमाणसाला न्यायलाच नको होतं.  ती पाण्याची पाळी आली की रानात जायची, बांधावर फावडं टेकून उभी राहायची. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? ती म्हणाली, "वाटतंय की. समद्यांचा कांदा हुता. पर मी आत गेलं म्हणून सांगिटलं आसतं आन् भाईर आलं त्ये गिळलं आसतं, तर त्यो दुसरा माणूस त्याच्या दर्यापल्याड बसून काय म्हनला आसता? त्यानं काय बगितलं न्हवतं. मी बगितलं हुतं."

आबासाहेबांनी पंचाच्या निकालाची नक्कल जोडून कंत्राटदाराला नोटीस धाडली. त्यानं आधी टाळाटाळ केली. दोर जुना होता हे त्याच्याच लोकांना ठाऊक होतं, आणि माल कुणाचा हा प्रश्न आता त्याला पुढं करता येत नव्हता. पावसाळा सरता सरता त्यानं भरपाई केली. सगळी नाही, पण बरीचशी. हिंदुरावांनी त्या दिवशी ठमाबाईच्या घरी भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं पाठवलं. त्याबरोबर निरोप काही नव्हता, आणि तिनंही विचारला नाही.

पुढच्या हिवाळ्यात एक अशी गोष्ट घडली की पणदऱ्याच्या लोकांना बरेच दिवस खरी वाटेना. कासीम मरैक्कार स्वतः आला. व्यापारासाठी तो मुंबईला आला होता. पिल्लेकडून त्यानं सगळी हकिकत ऐकली होती आणि ज्या बाईनं कोलंबोच्या बाजूनं लागेल अशी गोष्ट सांगितली तिचं रान बघायचं त्याच्या मनात आलं होतं. पिल्लेला घेऊन तो छोट्या गाडीनं बारामतीला उतरला आणि टांग्यानं पणदऱ्याला आला. स्थूल, सावळा, पांढऱ्या लुंगीवर कोट घातलेला, डोक्यावर गोल टोपी. सगळं गाव पाटाच्या कडेला गोळा झालं. समुद्रापलीकडचा माणूस कसा असतो, तर आपल्यासारखाच असतो, घाम पुसतो, चिखलात पाय पडला की चप्पल काढून हातात घेतो.

ठमाबाईच्या रानात तेव्हा कांद्याची रोपं नुकतीच लागली होती. मरैक्कार बांधावर बसला. त्यानं वाकून मातीला हात लावला आणि चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली. आबासाहेब आणि पिल्ले मधे दुभाष्याचं काम करत होते, पिल्लेची हिंदी आणि आबासाहेबांची मराठी असं करत.

"ते म्हणत्यात, इतकी वर्षं कांदा विकतोय, पर तो जिथं पिकतो ती जमीन पहिल्यांदा बघितली," आबासाहेब म्हणाले.

"मी बी त्येंची बोट पयल्यांदा बगितली," ठमाबाई म्हणाली. "त्येंना सांगा, लई मोटी हुती."

मरैक्कार हसला आणि म्हणाला, ती बोट माझी नव्हती, मीही भाडंच देतो. मग ठमाबाईनं विचारलं, तुमच्याकडं कांद्याला काय म्हणतात? पिल्लेनं विचारून सांगितलं. तिथं बारीक कांदा त्यांचा स्वतःचा असतो, त्याचं नाव वेगळं. पण हा मोठा, लाल, बाहेरून येणारा कांदा, याला तिकडं सगळे मुंबईचा कांदा म्हणतात. बाजारात बायका त्याच नावानं मागतात.

"मुंबईचा?" ठमाबाईनं शेतावरून नजर फिरवली, पाटाकडं, शेराच्या कुंपणाकडं, त्यापलीकडं दिराच्या रानाकडं. "मुंबईत कुटं पिकतोय कांदा?"

हे भाषांतर होऊन मरैक्कारपर्यंत पोचलं तेव्हा तो इतका हसला की त्याची टोपी हातात आली. त्यानं सांगितलं, परत गेल्यावर माझ्या दुकानात तरी मी खरं नाव सांगेन. आणि त्यानं तिथंच, बांधावर बसून, पणदरे हा शब्द म्हणून पाहिला. पहिल्यांदा चुकला. ठमाबाईनं सावकाश म्हणून दाखवला. तो पुन्हा म्हणाला, पुन्हा चुकला. कडेला उभी असलेली आमची सगळी मंडळी ओठ हलवत त्याच्याबरोबर म्हणत होती. शेवटी त्याला जमलं. त्यानंतर ठमाबाईनं त्याला आणि पिल्लेला घरी नेऊन दुधात भाकरी कुस्करून दिली, आणि टांगा बारामतीकडं निघाला तोवर ऊन उतरलं होतं.